दर सोमवारी लंगडणारी चिंगी आणि दर काही महिन्यांनी बदलणारा डबा

तक्रार साधारण अशी असते. कुत्रा धडधाकट आहे, पळतो, उड्या मारतो, चेंडू दिसला की त्याला जग दिसत नाही. फक्त मधूनच लंगडतो. सांध्यांची भुकटी किंवा चघळायच्या गोळ्या सुरू केल्या की चार दिवसांत बरा होतो. महिनाभराने पुन्हा लंगडतो. मग हा डबा लागू पडत नाही म्हणून दुसरा आणायचा, त्याचाही गुण येतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या चिंगीचं हे जवळजवळ वर्षभर चाललं. मिश्र जातीची, सहा वर्षांची, तेव्हा वजन 22 किलो. तीन वेगवेगळे डबे झाले. ती लंगडली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात छोटा ‘लं’ लिहायचे. एकदा डॉक्टरांना सांगायला तारखा हव्या होत्या म्हणून मागची पानं उलटली, तर सगळे ‘लं’ एकाखाली एक, सोमवारच्या रांगेत. आठवडाभर वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि रविवारी मैदानावर दोन तास चेंडू. सोमवारी पाय आखडायचा, बुधवारपर्यंत आपोआप सुटायचा. मी नवा डबा उघडायचे तोही सोमवारीच, कारण काळजी तेव्हाच वाटायची. सोमवारी सुरू केलेली कुठलीही भुकटी बुधवारी गुण दाखवणारच होती. चिमूटभर पीठ दिलं असतं तरी चाललं असतं.

तेव्हा डबा कुठला घ्यावा हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी खाली दिलेलं तपासा.

डब्याचा प्रश्नच नाही असं कधी समजायचं

पाय अजिबात टेकवत नसेल, सांधा सुजून गरम लागत असेल, ताप असेल, खाणं सुटलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आज पुढचा डावा, परवा मागचा उजवा असा पाय बदलत लंगडत असेल तर गोचिडांमुळे होणारे ताप किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच सांध्यांवर केलेला हल्ला, या दोन्ही शक्यता रक्त तपासून बघाव्या लागतात. मोठ्या चणीचं वर्षभराच्या आतलं पिल्लू लंगडत असेल तर हाडांच्या वाढीचे दोष असू शकतात. वयस्क मोठ्या कुत्र्याचं एकाच जागी दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं हाडाच्या गाठीचंही असतं. यांतल्या कशालाच सांध्यांची भुकटी लागू पडत नाही आणि तिच्या नादात महिने वाया जातात.

आणि हो, पंजा बघा. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. काटा, चिरलेली गादी, मुळापाशी तडकलेलं नख. लांब वाढलेली नखं जमिनीवर टेकली की पंजाचा कोनच बदलतो आणि ताण वर सांध्यापर्यंत जातो. हे इतकं साधं आहे की सगळ्यांत शेवटी बघितलं जातं.

नेमका कुठला पाय?

इथे मी स्वतः सपशेल चुकले, म्हणून थोडं सविस्तर सांगते. चिंगीचा मागचा पाय दुखतोय असं मी सहा महिने छातीठोकपणे सांगत होते. उठताना तिचं मागचं धड जड वाटायचं, एवढ्यावरून. दुखत होतं पुढचं डावं कोपर. पुढचा पाय दुखणारा कुत्रा वजन मागे टाकतो, त्यामुळे मागचं धड अवघडलेलं दिसतं.

डोळ्यांनी हे कळत नाही, फोनने कळतं. सपाट, न घसरणाऱ्या जागेवर दोरी सैल धरून कुत्र्याला दुडक्या चालीने चालवा. दुसऱ्या कोणाला तरी गुडघ्यावर बसून त्याच्याच उंचीवरून चित्रीकरण करायला सांगा. एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा मागून. मग संथ गतीने बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होताना दिसतो. चिंगीचं डोकं डाव्या पावलाला असं उचललं जात होतं की एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य झालं.

आणखी दोन खुणा. कुत्रा बसताना एक मागचा पाय दुमडून न घेता बाजूला पसरून ठेवत असेल तर गुडघ्यातल्या अस्थिबंधाचा संशय घ्यावा. मैदानावर पळणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा बंध हळूहळू झिजत, अर्धवट तुटत जातो, आणि विश्रांतीने बरं वाटणं, पळवलं की पुन्हा लंगडणं हीच त्याची रीत असते. दुसरी खूण नखांची. एकाच पंजाची मधली नखं वरच्या बाजूने घासलेली दिसली तर तो पाय ओढत चालतोय, आणि मग सांध्यापेक्षा पाठीच्या कण्याकडे किंवा नसांकडे बघावं लागतं.

हे चित्रीकरण डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात गेल्यावर बरेच कुत्रे भीतीने इतके ताठ चालतात की लंगडणं गायब होतं. चिंगीने तर टेबलावर शेपूट हलवली. पण डॉक्टरांनी डावं कोपर पूर्ण दुमडलं तेव्हा ती ओरडली नाही, गुरगुरली नाही, नुसते ओठ चाटले आणि मान पलीकडे वळवली. ‘हेच तिचं ओरडणं,’ डॉक्टर म्हणाले. एक्स-रेत कोपराच्या कडेला हाडाचे बारीक कंगोरे दिसले. संधिवाताची सुरुवात.

वजन आणि रविवार

यावर फार लिहायची गरज नाही, पण सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. हाताची मूठ वळून उलट्या बाजूची बोटांची हाडं चाचपा: कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो बारीक आहे. मूठ उघडून हात सपाट करा आणि मागची बाजू चाचपा: बरगड्या अशा लागायला हव्यात. तळहाताच्या गादीसारखं लागत असेल तर वजन जास्त आहे. ‘पळतो ना, मग जाड कसा असेल’ हे मीही म्हणायचे. माझ्या हाताला तळहाताची गादीच लागली.

लॅब्रॅडॉरच्या 48 पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, दुसऱ्या गटाचं 11.2, आणि कमी खाणाऱ्यांमध्ये संधिवातही उशिरा दिसला. लठ्ठ, लंगडणाऱ्या कुत्र्यांवरच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात वजन 6 टक्क्यांच्या वर उतरलं की लंगडणं मोजण्याइतकं कमी झालं. 22 किलोला 6 टक्के म्हणजे सव्वा-दीड किलो. कुठल्याही डब्यावर एवढा खात्रीचा आकडा मी पाहिलेला नाही.

रविवारचं म्हणाल तर दोन तासांचा चेंडू बंद केला आणि तेवढाच व्यायाम सात दिवसांत वाटला. चेंडूच्या मागे पळताना सांध्याला मारतं ते पळणं नव्हे, तो एकदम लावलेला ब्रेक आणि गिरकी. चेंडू आधी लपवून मग शोधायला लावला की नाक चालतं, पाय वाचतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं नुसतं चालवायचं, मग सोडायचं. घरात गुळगुळीत फरशीवर जिथे ती वळण घेते तिथे चटई.

आता डबा

मी ज्या क्रमाने आता विचार करते त्याच क्रमाने सांगते. लेबलवरचा सगळ्यांत मोठा शब्द वाचायचा नाही.

पहिलं माशाचं तेल. सांध्यांसाठी तोंडाने द्यायच्या पूरकांमध्ये सगळ्यांत भक्कम पुरावा ओमेगा-3 चा, आणि त्यातही इपीए आणि डीएचए या दोनच घटकांचा. पेशींच्या आवरणात हे मेदाम्ल जाऊन बसतं, तिथल्या ॲराकिडॉनिक आम्ल या दुसऱ्या मेदाम्लाची जागा घेतं आणि मग दाह पेटवणारी रसायनं कमी तयार होतात. आवरणं बदलायला आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत गुण आला तर तो तेलाचा नाही हे पक्कं समजा.

घोटाळा मात्रेत होतो. साध्या कॅप्सूलवर 1000 मिलिग्रॅम असं ठळक छापलेलं असतं. ते तेलाचं वजन. बाटली फिरवून मागे बघितलं तर बहुतेक वेळा इपीए 180 आणि डीएचए 120 असतं, म्हणजे कामाचा माल 300 मिलिग्रॅम. संधिवातासाठी पशुआहारशास्त्रात सांगितली जाणारी वरची मात्रा वजनाच्या 0.75 घाताला 310 ने गुणून काढतात. गणित नको असेल तर: 10 किलोच्या कुत्र्याला दोन्ही मिळून साधारण 1700, 20 किलोला 2900, 30 किलोला 4000 मिलिग्रॅम. बरेच डॉक्टर किलोमागे 50 ते 100 मिलिग्रॅमपासून काम चालवतात. चिंगीला मी किलोमागे 100 धरले तरी 2200 होतात, म्हणजे साध्या सात कॅप्सूल. आणि माझ्या दुसऱ्या डब्यातल्या ‘ओमेगायुक्त’ गोळ्यांमधून तिला दिवसाला मिळत होते 120. समुद्रात चमचाभर साखर.

सात कॅप्सूल म्हणजे साठच्या वर कॅलरी, तेवढं जेवणातून कमी करायचं, नाहीतर सांध्यासाठी दिलेलं तेल पोटावर चढतं. दाट तेल (म्हणजे एका कॅप्सूलमध्ये इपीए-डीएचए जास्त असलेलं) घेतलं तर कॅप्सूल निम्म्या होतात. मात्रा एकदम द्यायची नाही. चौथ्या हिश्श्याने सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ. शी पातळ झाली की एक पायरी खाली. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, रक्त गोठण्याचा त्रास असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं. बाटली उघडली की शीतकपाटात ठेवा आणि अधूनमधून एक कॅप्सूल फोडून वास घ्या. माशाचा वास ठीक, जुन्या खवट तेलाचा वास आला तर सगळी बाटली फेका.

दोन गोष्टी तेल म्हणून गळ्यात मारल्या जातात. कॉड माशाच्या यकृताचं तेल वेगळं असतं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व इतकं असतं की इपीएची मात्रा गाठायला गेलात तर जीवनसत्त्वांचंच विष व्हायचं. आणि जवस. जवसातलं ओमेगा-3 कुत्र्याच्या शरीरात इपीएमध्ये फारच थोडं बदलतं. जवस वाईट नाही, पण सांध्यासाठी ते माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरं, ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन. जवळपास प्रत्येक डब्यावर हेच मोठ्या अक्षरात असतं, त्यामुळे लोकांना माझं मत आवडत नाही. कूर्चेचेच, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराचेच, घटक तोंडाने दिले की कूर्चा दुरुस्त होईल ही कल्पना गोड आहे, पण कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो आणि झिजलेली कूर्चा गोळीने परत उगवत नाही. कुत्र्यांवरच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. 2007 च्या एका चाचणीत सत्तराव्या दिवशी थोडा फायदा दिसला. त्याआधीच्या दुसऱ्या चाचणीत काहीच दिसला नाही. 2022 मध्ये कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरच्या सगळ्या आहार-पूरकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात ओमेगा-3 ला कौल मिळाला आणि या जोडीबद्दल ती देऊच नये असं स्पष्ट लिहिलं गेलं. ती सहसा अपाय करत नाही हे खरं. तुमच्याकडे आधीच असेल तर संपवा. पण ओमेगा-3 ची मात्रा आणि वजन बसवण्याआधी यावर पैसे घालू नका.

तिसरं, कोलॅजन. इथे नावात फसगत आहे. अविकृत टाइप-2 कोलॅजन वेगळं आणि भुकटीचं चमचा-चमचा द्यायचं कोलॅजन वेगळं. पहिल्याचं काम आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना ‘ही कूर्चा आपली आहे, हिच्यावर तुटून पडू नका’ असं शिकवण्याचं, म्हणून त्याची मात्रा दिवसाला 40 मिलिग्रॅमसारखी नखाएवढी असते. चाचण्या छोट्या आहेत, पण निकाल आशादायक. ते उष्णतेने बिघडतं, तेव्हा गरम अन्नात कालवायचं नाही. डब्यावर नुसतं ‘कोलॅजन’ लिहिलं असेल आणि मात्रा ग्रॅममध्ये असेल तर ते हे नव्हे.

हिरव्या कडांच्या शिंपल्यांची भुकटी न्यूझीलंडची. तिचे काही निकाल बरे आहेत, आणि ज्याला तेल पचत नाही त्याच्यासाठी मी ती करून बघेन. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. एमएसएम या गंधकयुक्त पूरकाबद्दल कुत्र्यांत सांगण्यासारखं काही नाही.

लेबलवर आणखी दोन जागा बघा. ‘विशेष मिश्रण 1500 मिलिग्रॅम’ असं लिहून आत पंधरा घटकांची नावं असतील आणि प्रत्येकाचा आकडा नसेल, तर डबा परत ठेवा. आणि माणसांच्या चघळायच्या गोळ्या कुत्र्याला देताना त्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, याची खात्री करा. थोड्याशा झायलिटॉलनेही कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृत जाऊ शकतं.

गुण आला की नाही, कसं ठरवायचं

आपण स्वतःलाच फसवतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांना नुसतं औषधाचं सोंग दिलं होतं. पाय किती जोराने टेकतो ते मोजणाऱ्या पाटीवर काही बदल नसतानाही मालकांना फरक दिसला. डॉक्टरांनाही दिसला.

म्हणून माझी पद्धत अशी. पहिले दोन आठवडे काही सुरू करायचं नाही, फक्त नोंद. तीन गोष्टी निवडायच्या, त्याही मोजता येतील अशा. चिंगीच्या माझ्या तीन: सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत टाकली का, गाडीत स्वतःहून उडी मारली का, जिना उतरताना थबकली का. पुढच्या पायाच्या दुखण्यात जिना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. हो किंवा नाही, बास. ‘आज खूश वाटली’ असलं काही लिहायचं नाही. दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी तेच चित्रीकरण.

मग एकच गोष्ट सुरू करायची आणि आठ आठवडे व्यायाम, खाणं, वजन जमेल तितकं स्थिर ठेवायचं. मात्रा हळूहळू वाढवत असाल तर पूर्ण मात्रा गाठल्यापासून आठ आठवडे धरा. शेवटी नोंदी आणि चित्रं शेजारी ठेवून बघायचं, शक्य तर घरातल्या अशा माणसाला दाखवायचं ज्याला कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे माहीत नाही. माझ्या भावाने चार चित्रांपैकी चारही बरोबर ओळखली, तेव्हा माझा विश्वास बसला. फरक नसेल तर ते पूरक बंद. ‘असू दे, काही वाईट तर नाही’ म्हणून चालू ठेवलं की वर्षभराने कुत्र्याच्या ताटात सहा गोष्टी असतात आणि कशाने काय होतंय ते कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवातीला चांगला गुण आला आणि नंतर गेला, असं असेल तर बाटली खवट झाली का, वजन चढलं का, रविवार परत सुरू झाला का, या क्रमाने बघा. तिन्ही नसेल तर दुखणं पुढे सरकलंय, आणि ते डब्याने भागणारं नाही.

दुखतंय तर दुखण्याचं औषध

मी सर्वांत उशिरा शिकलेली गोष्ट ही. डॉक्टरांनी चिंगीला कुत्र्यांसाठीचं दाहशामक औषध दोन आठवडे दिलं, रक्ताची तपासणी करून. पाचव्या दिवशी ती सकाळी उठली आणि अंग लांबवून आळस दिला, पुढचे दोन्ही पंजे पुढे, कमरेत वाकून. हे ती पूर्वी रोज करायची. कधी बंद झालं ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्या पंधरवड्याने एक मोजपट्टी मिळाली: न दुखता ती कशी चालते ते दिसलं, आणि पुढचं प्रत्येक पूरक मी त्या चालीशी ताडून बघू लागले.

घरातली वेदनाशामकं मात्र कधीही नाही. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड बंद पडतं; पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला मारतं. ‘अर्धीच दिली’ हे वाक्य डॉक्टर रोज ऐकत असतील. आणि डॉक्टरांनी औषध दिलं तर कुठली पूरकं चालू आहेत ते सगळं सांगा, जवसासकट.

सध्या चिंगीचं वजन 20.4 आहे. दाट तेलाच्या चार कॅप्सूल, नियमित फेऱ्या, चेंडू लपवून शोधायचा. मधूनच एखादा ‘लं’ पडतो, पण तो आता मंगळवारीही पडतो, गुरुवारीही. पाऊस लागून दोन दिवस घरात बसली की पडतो, आणि तेव्हा मी डबा बदलत नाही, फेरी दहा मिनिटांनी कमी करते आणि सकाळी ती आळस देते का ते बघते.